सावली, दहा रुपये

एकवीस वर्षं शिकवलं मी
थंड खोलीत, पडद्यावर लाल ठिपका नाचवत:
कुठल्याशा परक्या कंपनीनं
कुठल्याशा परक्या गावात
साबण कसा खपवला.
मुलं झेरॉक्सची पानं पाठ करायची
आणि परीक्षेनंतर हात धुऊन मोकळी व्हायची.

या मार्चात म्हटलं, पुरे.
पहाटे कळमन्यातून आणली मृगबहाराची संत्री.
सहा गट, सहा क्रेट, सहा कोऱ्या वह्या.
"पाचला परत या.
उरलेलं फळ, आलेला पैसा,
आणि प्रत्येक खर्च लिहून. चहासुद्धा."

"सर, होस्टेलात विकलं तं चालते का?"
उज्ज्वल डहाके.
"नाही चालत."
"काऊन पण?"
काऊन, ते मलाही नीट सांगता आलं नाही.

चांडकनं एका फोनवर अख्खा क्रेट
इतवारीतल्या काकाच्या गळ्यात मारला
आणि दिवसभर सिनेमा पाहिला.
तिकीट मात्र इमानदारीनं खर्चात लिहिलं.
काय बोलणार? 'प्रत्येक' हा शब्द माझाच.

रुबिनाच्या गटानं धरमपेठेत
फोडींना तिखट-मीठ लावून पुड्या विकल्या.
नफा सगळ्यांत जास्त, बोटं हळदीची.

टिकेश्वरी नंदेश्वरच्या गटातले तिघं
अकरालाच ऊन लागून गळाले.
ती एकटी बर्डीवर, संध्याकाळपर्यंत.
तिची वही मी वर्गात मोठ्यानं वाचली:

नासकी, सात.
फुकट, एक (लहान होता, रडून राहिला होता).
पाणी, वीस रुपये.
सावली, दहा रुपये.

वर्ग हसला. मग भांडला.
भाडं आहे सर, स्थिर खर्चात टाका.
स्थिर कसा? ऊन चढलं की भाव चढेल.
चांडक पहिल्यांदाच सरसावून बसला:
जाहिरात म्हणा,
गिऱ्हाईक थांबते ते सावलीतच ना.
मी फळ्यावर तीन रकाने आखले,
खडू संपेतो लिहीत गेलो.
फार वर्षांनी तास रंगला होता.
टिकेश्वरीच्या नाकाची साल निघत होती.
ती एवढंच म्हणाली,
"मले तं फक्त बसायचं होतं, सर."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बर्डीवर गेलो.
फुटपाथवर चाब्या बनवणारा एक म्हातारा,
विमा कंपनीची निळी छत्री, एक काडी मोडलेली.
कानसीखाली पितळेचा भुगा चमकत होता.
विचारलं, इथं बसायचं भाडं किती घेता?

"कायचं भाडं, बाप्पा!
रस्ता का माह्या बापाचा आहे?
पोरगी दोन घंटे उन्हात उभी.
म्हटलं, ये, बस.
बसेच ना. लाजून राहिली होती.
मंग म्हटलं, दहा रुपये दे.
तवा बसली."

आणि पुन्हा कानस. खर्र, खर्र.
त्यानं तोंडापुढे धरून फुंकर मारली,
चाबी उजेडात तपासली,
अजून थोडी घासली.

माझ्या पिशवीत सहा वह्या होत्या,
गुण द्यायचे राहिलेले.
फळ्यावरचे तीन रकाने
एव्हाना शिपायानं पुसले असतील.
चौथा आखला असता, तर वर काय लिहिलं असतं,
याचा विचार करत
मी तिथंच उभा, टक्कल तापवत.

म्हाताऱ्यानं मान वर केली.
"सर, बसता का?"

मी खिसा चाचपला.
सुटे नव्हते.